सोने तारण आणि ‘तारण’: संडे स्कूलमधल्या एका प्रश्नावरून

निशिगंधा_शाहूपुरी

नमस्कार. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) तोंडावर आलाय आणि वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नापाशी मी आठवडाभर अडून बसलेय. म्हणून हा धागा.

मी कोल्हापूरची. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सातवी-आठवीच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग बरीच वर्षं घेते. उपवासकाळात ‘तारण’, म्हणजे ख्रिस्तामुळे पापातून होणारी सुटका, हा पाठ ठरलेला असतो. परवा फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मागून आवाज आला, “टीचर, बँकेच्या बोर्डवर असतं तेच का हे? सोने तारण कर्ज?” वर्ग हसला. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले, कारण मला आईच्या पाटल्या आठवल्या.

मी आठवीत होते. वडिलांचं ऑपरेशन अचानक निघालं आणि आईने दोन पाटल्या एका पतसंस्थेत तारण ठेवल्या. पुढे वर्षभर नुसतं व्याज भरणं चाललं, मुद्दल जागचं हलेना. बोलता बोलता आईचा हात आपोआप मनगटावर जायचा आणि पाटली चाचपायचा. नसलेली पाटली. मग एक दिवस कागलहून थोरले मामा आले. पंचाच्या गाठीत पैसे बांधलेले. आई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. क्लार्कने आतून लाखेची मोहर असलेली कापडी पिशवी आणली, मोहर फोडली. लाखेचे लाल तुकडे काउंटरवर सांडले. मामांनी ते बोटाने गोळा केले आणि काय करावं न सुचून खिशात टाकले. पावतीवर शिक्का बसला. आईचे हात तोवर सुजलेले असायचे, तिथे पाटल्या चढेनात. घरी येऊन साबण लावून चढवल्या.

दिवाळीला कागलला गेलो तर मामांच्या घरी चहा पिशवीतल्या दुधाचा. गोठ्यात नुसती दावण. तेव्हा कळलं की मामांनी म्हैस विकली होती.

आता मुद्द्यावर येते. आपण बलिदान आणि मुक्ती हे शब्द एका दमात शिकवतो. पण पवित्र शास्त्रात ते दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेत. बलिदान येतं वेदीवरून: हाबेलाच्या मेंढरापासून मोरियावरच्या एडक्यापर्यंत, मिसरातून सुटण्याच्या रात्रीच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, कोकरापासून लेवीय (जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक) १६ मधल्या दोन बकऱ्यांपर्यंत. मुक्तता येते घरातून आणि बाजारातून. लेवीय २५ वाचा. भाऊबंद कंगाल झाला, त्याने वतन विकलं, तर जवळच्या आप्ताने येऊन ते सोडवावं. त्याने स्वतःलाच विकलं असेल तर भावाने सोडवावं, नाहीतर चुलत्याने, नाहीतर चुलतभावाने. या सोडवणाऱ्या आप्ताला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या पुस्तकातला बवाज हा गोएल. सगळं गमावलेला ईयोब राखेत बसून “माझा उद्धारक जिवंत आहे” म्हणतो, तिथेही शब्द गोएलच आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१८-१९) हे दोन्ही धागे एका वाक्यात गाठले जातात. सोन्यारुप्याने तुमची सुटका झालेली नाही, निष्कलंक कोकराच्या रक्ताने झाली. सोडवणं बाजाराचं आणि कोकरू वेदीचं. माझं म्हणणं असं की ही गाठ बसते ती नात्यामुळे. परक्याने कर्ज फेडलं तर तो उपकार झाला, सोडवायचा हक्क मात्र रक्ताच्या माणसाचा. इब्री २ मध्ये म्हटलंय की तो आपल्यासारखाच रक्तमांसाचा झाला आणि आपल्याला भाऊ म्हणायला लाजत नाही. म्हणजे आधी तो नात्यात आला आणि मग त्याने किंमत भरली. नाताळ नसता तर उत्तम शुक्रवारला अर्थच राहिला नसता.

मुलांना हे मामांच्या म्हशीवरून सांगावं असं मनात आहे. कुठे चुकतंय का, सांगा.

जोतिबाचा_गुलाल

ताई, धागा आवडला. मी ख्रिस्ती नाही, मिशनच्या शाळेत शिकलोय एवढंच. माझी शंका म्हशीच्या आधीची आहे. देवाला मुळात रक्त लागतंच का?

आमच्याकडे ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. असुराच्या जागी कोहळा. त्याचा तुकडा मिळावा म्हणून काय झुंबड उडते ते तुम्ही पाहिलंच असेल. आषाढात त्याच टेंबलाईला पंचगंगेचं नवं पाणी घालायला पी-ढबाक वाजवत लोक जातात, आणि त्या दिवसांत गल्लीगल्लीत बकरी पडतात, मटणाचे वाटे घातले जातात. म्हणजे कोहळाही आहे आणि बकरंही. पण यात पापाचा हिशेब कुणी करत नाही. पाणी वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, शेजारपाजाऱ्यांसकट जेवायचं. तुमच्याकडे यात पाप कुठून आलं?

निशिगंधा_शाहूपुरी

दादा, वाटे घालण्याचं बरं आठवलंत. निर्गम १२ मध्ये अगदी तेच आहे! एका घराला कोकरू जास्त होत असेल तर शेजारच्या घराला बरोबर घ्यायचं, माणसं मोजून वाटे करायचे, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू आणायचं आणि चौदाव्यापर्यंत घरात ठेवायचं. चार दिवसांत पोरांना त्याचा लळा लागत असणार, मी दरवर्षी त्या ओळीपाशी थांबते. त्या रात्रीही पापाचा हिशेब नाही. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने चौकटीला रक्त लावायचं, आत जेवायचं, कंबर बांधून, पायात जोडे घालून. सुटकेची रात्र आहे ती.

पाप येतं लेवीयमध्ये. आणि तिथे रक्ताबद्दल जे वाक्य आहे (१७:११) ते मी वर्षानुवर्षं उलटं वाचत होते. देहाचं जीवन रक्तात आहे, आणि ते मी तुम्हाला वेदीवर दिलं आहे, असं देव म्हणतो. घेणारा नव्हे, देणारा तो आहे. देवाला भूक लागलीय म्हणून बकरं कापलं जात नाही. तुटलेलं नातं सांधायला माणसाकडे काहीच नव्हतं, तेव्हा देवानेच ती वाट दिली.

आणि ऐपतीचा विचारही आहे. लेवीय ५ म्हणतं, मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. तेही जमत नसेल तर एफाचा (एफा हे धान्याचं माप) दहावा हिस्सा सपीठ. पीठ! त्यात रक्ताचा थेंब नाही, तरी ते चालतं. मरियेच्या शुद्धीकरणाचा नियमही याच धर्तीचा, आणि लूक २:२४ मध्ये बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा अर्पणासाठी पक्ष्यांच्याच जोडीचा उल्लेख आहे. म्हणजे कोकरू परवडत नव्हतं. ज्याला पुढे देवाचा कोकरा म्हटलं गेलं त्याच्या आईबापाला कोकरू परवडलं नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा माझा आवाज दरवेळी बदलतो.

मिरजेचा_निवृत्त_पाळक

निशिगंधाताई, तुमच्या मामांना माझा सलाम.

‘जोतिबाचा गुलाल’ यांच्या शंकेत थोडी भर घालतो. रक्त लागतंच का, हा प्रश्न शास्त्राच्या आतही विचारला गेलाय आणि तोही रागाने. होशेय संदेष्टा म्हणतो, देवाला यज्ञ नको, दया हवी. मीखा विचारतो, हजारो एडके आणू की माझा पहिला मुलगा देऊ? आणि उत्तर येतं: न्यायाने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवासमोर नम्र राहा. यिर्मया हिन्नोमच्या खोऱ्यात मुलांना जाळणाऱ्यांबद्दल देवाच्या तोंडून सांगतो की असली गोष्ट माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. येशूने होशेयाचं वाक्य मत्तयात दोन वेळा वापरलं आहे.

हे लक्षात ठेवून उत्पत्ती २२ वाचावं, देव अब्राहामाला मुलगा इसहाक अर्पण करायला सांगतो तो अध्याय. अब्राहामाने लाकडं मुलाच्या पाठीवर दिली, विस्तव आणि सुरी स्वतःकडे ठेवली. पोराने भाजू नये, कापून घेऊ नये म्हणून? ज्याला मारायला नेतोय त्याच्या बोटांची काळजी? “ते दोघे बरोबर चालले” हे वाक्य तिथे दोनदा येतं. मधे इसहाकाचा एकच प्रश्न आहे: विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे आहे? चाळीस वर्षं मी प्रवचनं दिली, पण त्या प्रश्नाच्या पुढे पटकन जाऊ नये असं मला अलीकडे वाटतं. पुढे झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो. पण ताई, कोकरू अजून आलेलं नाही, एडका आलाय. जुनी मंडळी म्हणत, त्या प्रश्नाचं उत्तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने दिलं: “हा पाहा, जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा!”

जाता जाता एक. ‘तारण’, ‘खंडणी’, ‘वतन’ या शब्दांवर आपण फार भरभर जातो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून. ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. एकेका शब्दापाशी थांबणं काय असतं ते त्यांच्याकडून शिकावं.

दिवाणी_फौजदारी

पाळकसाहेबांनी ‘खंडणी’ काढलीच आहे तर विचारतो. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. माझ्या धंद्यात खंडणी मागणारा आरोपी असतो. ताईंच्या गोष्टीत मामांचे पैसे पतसंस्थेला गेले, तिला ते घ्यायचा हक्क होता. वधस्तंभावरची किंमत कोणाच्या खात्यात जमा झाली? देवाच्या म्हणाल तर बापाने मुलाकडून वसुली केली असं होतं. सैतानाच्या म्हणाल तर त्याला हक्क कोणी दिला?

दुसरं. दिवाणी देणं दुसऱ्याने फेडलं तर कायद्याची हरकत नाही. फौजदारी शिक्षा दुसऱ्याने भोगलेली चालत नाही, भावाच्या जागी भावाला तुरुंगात घालता येत नाही. आणि हे तुमच्या शास्त्रालाही मान्य आहे. अनुवाद २४:१६: बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये, ज्याने त्याने आपल्या पापासाठी मरावं. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशे देवाला म्हणतो, लोकांना क्षमा कर, नाहीतर माझं नाव तुझ्या पुस्तकातून पुसून टाक. देव नाही म्हणतो: ज्याने पाप केलं त्याचंच नाव पुसेन (निर्गम ३२). मोशेचं चाललं नाही तर येशूचं कसं चाललं? मनापासून विचारतोय, वाद म्हणून नाही.

वसईची_वाडी

वकीलसाहेब, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मंडळी शतकानुशतकं भांडलीय. तिसऱ्या शतकात ओरिगेन या धर्मपंडिताने किंमत सैतानाला गेली या अंगाने लिहिलं. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने गळ आणि आमिषाची उपमा दिली: मानवी देह हे आमिष, आत देवत्वाचा गळ, सैतान गिळायला गेला आणि अडकला. आमच्या वसईच्या कोळ्यांना ही उपमा लगेच कळेल. पण त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, नाझियान्झचा, त्याला हे मुळीच पटलं नाही. दरोडेखोराला खंडणी आणि तीही देवाची? आणि बापाला म्हणावं तर इसहाकाला ज्याने नाकारलं तो बाप पुत्राचं रक्त मागेल का?

१०९८ च्या सुमारास अन्सेल्म या आर्चबिशपने सगळा विचार ऋणाच्या भाषेत मांडला: माणूस देवाला जे देणं लागतो ते तो फेडू शकत नाही, देव फेडू शकतो पण देणं त्याचं नाही, म्हणून देव-मानव हवा. तुमच्या भाषेत हा दिवाणी दावा झाला. पुढे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या हातात तो बराच फौजदारी झाला, शिक्षा आणि न्यायासन आलं. कॅल्विन कायदा शिकलेला होता, हे तुम्हाला सांगायला हवंच.

आम्हा कॅथलिक घरांत हे वादातून कमी आणि मिस्सेतून (चर्चमधल्या उपासनेतून) जास्त शिकलं जातं. भाकर मोडताना दर वेळी ‘देवाच्या कोकरा’ म्हणायचं. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापलं, त्यात पहिलं पुराण जुन्या कराराचं आणि दुसरं ख्रिस्ताचं. नाव पुराण, मांडणी पुराणाची. निशिगंधाताई म्हशीवरून सांगतायत ते त्याच रस्त्याने चाललंय, असं मला वाटतं.

मिरजेचा_निवृत्त_पाळक

वकीलसाहेब, खात्याचा प्रश्न चोख आहे. माझं उत्तर निर्गम ६:६ वरून. तिथे देव इस्राएलाला म्हणतो, मी तुम्हाला सोडवीन, आणि क्रियापद तेच गोएलचं आहे. आता सांगा, त्यांना गुलाम ठेवणाऱ्या मिसरच्या राजाला, फारोला, काय मिळालं? एक कवडी नाही. यशया ५२:३ तर उघडच सांगतो: तुम्ही फुकट विकले गेलात, पैशावाचून तुमची सुटका होईल. तेव्हा सोडवणुकीत किंमत असतेच, पण दर वेळी घेणारा असतोच असं नाही. किंमत म्हणजे सोडवणाऱ्याच्या पदरचं जे गेलं ते. मामांची म्हैस गेली, ते मोजा. पतसंस्थेची वही बाजूला ठेवा.

मोशेचं का चाललं नाही, याचं पुरं उत्तर माझ्यापाशी नाही.

चप्पल_लाईन

मी एवढं शिकलेला न्हाई, पण रूथचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनते. आज्जा ख्रिस्ती झाला. रूथचा चौथा अध्याय आमच्या घरात लई वाचला जायचा, कारण त्यात जोडा आहे.

बवाज वेशीत जाऊन बसतो, गावचे दहा वडील बोलावतो. त्याच्यापेक्षा जवळचा एक आप्त असतो, पहिला हक्क त्याचा. बवाज म्हणतो, नामीचं (रूथच्या सासूचं) शेत सोडव. तो म्हणतो, सोडवतो. मग बवाज सांगतो, शेताबरोबर मवाबी विधवा रूथ पण येणार, मेलेल्याचं नाव चालवायला लागणार. तेवढ्यावर तो मागं सरतो, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणतो. आणि पायातला जोडा काढून बवाजच्या हातात देतो. तेव्हाची रीत होती ती, व्यवहार पक्का झाल्याची खूण. त्या माणसाचं नावसुद्धा लिहिलेलं न्हाई. आज्जा म्हणायचा, ज्यानं नुकसान नको म्हणून वतन राखलं त्याचं नाव गेलं, आणि ज्यानं पदरचं घातलं त्याच्या वंशात दावीद आला.

पायातला जोडा उतरवून देणं म्हणजे काय, ते चामड्याचं काम करणाऱ्याला विचारा. वापरलेल्या चपलेत माणसाच्या पायाचा ठसा असतो. अंगठा कुठं दाबतो, टाच कुठल्या बाजूनं झिजते. ती दुसऱ्याच्या पायात बसत न्हाई. तुमचं जमिनीवर उभं राहणंच तुम्ही काढून दिलं, असं हाय ते.

आणखी एक, ‘वतन’ शब्दाबद्दल. बायबलात वतन म्हणजे देवानं दिलेली जमीन, ती सोडवून परत मिळवायची. आमच्या जुन्या माणसांना वतन म्हणजे वेठ. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन बंद केलं तेव्हा सुटका झाली ती वतनातूनच. म्हणून आज्जा लेवीय वाचताना वतन आलं की थांबायचा. मग निर्गम काढायचा. मिसरातली बिगारी त्याला लगेच कळायची.

अबोली_०७

सगळं वाचलं, भारावले. तरी एक विचारल्याशिवाय राहवत नाही.

निशिगंधाताई, म्हैस कोणाची होती? धार कोण काढत होतं, शेण कोण काढत होतं, दुधाचे पैसे कोणाच्या डब्यात पडत होते? मामींना कोणी विचारलं होतं का?

मी पण मंडळीतच वाढले. त्याग, अर्पण, वधस्तंभ उचलणं, हे शब्द मी घरात सर्वात जास्त कोणाला उद्देशून ऐकले असतील तर बायकांना. सहन कर, ख्रिस्ताने नाही का सहन केलं. माझ्या एका नात्यातल्या बाईला मार खाऊन परत नांदायला पाठवताना हेच वचन वाचून दाखवलं होतं.

उत्पत्ती २२ बद्दल पाळककाकांनी सुंदर लिहिलं. पण त्या अख्ख्या अध्यायात सारा नाही. पहाटे नवरा मुलाला घेऊन निघतो, तिला काही सांगितल्याची ओळ नाही. आणि पुढचा अध्याय तिच्या मरणाने उघडतो. शास्ते ११ मध्ये इफ्ताह नवस बोलतो आणि पोटची मुलगी त्यात जाते. तिथे एडका अडकलेला नाही, हाक मारणारा दूत नाही. तिचं तर नावही नाही. आपण बलिदान म्हणतो तेव्हा कोणाचं, आणि ठरवणारा कोण, हे आधी सांगावं असं मला वाटतं.

निशिगंधा_शाहूपुरी

अबोली, तुझा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही. आज कागलला जाऊन आले.

मामा जाऊन सहा वर्षं झाली. मामी आहेत, गुडघे धरलेत पण बोलणं खणखणीत. विचारलं. म्हणाल्या, “मला इचारलं न्हवतं. बाजारला निघताना सांगितलं. मी तिला आंबोण घातली आन् आत गेले. दावं सोडताना बघवलं नसतं.” थोडं थांबून म्हणाल्या, “इचारलं असतं तर मी व्हयच म्हणाले असते. तुझ्या आईनं माझ्या दोन्ही बाळंतपणात इथं येऊन भाकऱ्या थापल्यात. पर इचारायला पायजे हुतं.”

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतेय आणि त्यात मामी नव्हत्या. म्हैस त्यांच्या माहेरची होती, हेही आज कळलं.

योहान १०:१८ मध्ये येशू आपल्या जिवाबद्दल म्हणतो की कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. हे वाक्य मला पाठ होतं, पण ते कशासाठी आहे ते आता कळतंय. दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या ओझ्याला ख्रिस्ताचं बलिदान म्हणायचा हक्क हे वाक्य काढून घेतं. त्या बाईला जे वचन वाचून दाखवलं ते वाचून दाखवणाऱ्यांनी चुकीचं केलं. मी संडे स्कूलची टीचर आहे, एवढं तर मला मुलांसमोर स्पष्ट बोलता आलं पाहिजे.

इफ्ताहच्या मुलीचं मी काही समजावू शकत नाही. शास्त्रात तिचं एक मात्र राखलंय: इस्राएलाच्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्या आठवणीसाठी जात. बापाच्या विजयापेक्षा मुलींनी तिला लक्षात ठेवलं.

वकीलसाहेब, तुमच्या दिवाणी-फौजदारीबद्दल. मत्तयातली प्रभूची प्रार्थना आम्ही मराठीत म्हणतो ती अशी: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” ऋणच आहे तिथे. दर रविवारी म्हणतो आणि ऐकत नाही. मला वाटतं आपला दावा दिवाणी आहे.

दिवाणी_फौजदारी

ताई, ऋण सोडणं म्हणजे माफ करणं. माफ केलेल्या कर्जाची वसुली जामीनदाराकडून करत नाहीत. म्हणजे एकतर माफी, नाहीतर फेड. माझी अडचण अजून तिथेच आहे. पण फारोच्या मुद्द्यावर मी विचार करतोय. आणि कर्ज माफ करणाऱ्याचंही पदरचं जातंच, हे मात्र खरं. बुडीत खात्याचा आकडा कोणाच्या तरी वहीत राहतो.

चप्पल_लाईन

ताई, मुलांना रूथ शिकवणार असाल तर एक जोडा घेऊन जा. एकच, डावा. नवा नको, माझा जुना वापरलेला देतो, पायाचा ठसा असलेला. नऊपर्यंत दुकान उघडं असतं.

निशिगंधा_शाहूपुरी

रविवारी वर्ग झाला. फळ्यावर फक्त ‘तारण’ लिहिलं होतं, पाठाची वही उघडलीच नाही. पाटल्या आईकडून मागून आणल्या होत्या, त्या हातोहात फिरवल्या. मामींची गोष्ट मामींच्या शब्दांत सांगितली, आंबोणीसकट. मग रूथ. दादांचा जोडा टेबलावर ठेवला. तेल पिऊन काळा पडलेला, अंगठ्यापाशी खोल वाटी झालेली. एका मुलाने हळूच त्यात पाय घालून पाहिला आणि पटकन काढला.

प्रश्न विचारणारी ती मुलगी पहिल्या बाकावर आली होती. पाटल्या तिने सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवल्या. शेवटी जोड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “टीचर, बवाजनं एकच घेतला ना? मग तो नको म्हणणारा माणूस दुसरा घालून घरी कसा गेला?”

मला माहीत नाही असं सांगितलं. पुढच्या रविवारी येताना सगळ्यांनी त्याच्यावर चार ओळी लिहून आणायच्या आहेत.